साखरपुड्याआधी आलेला रिपोर्ट
बुंदीच्या पाकाला वेलचीचा वास सुटला की मला मोठ्या भावाचा फोन आठवतो. त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता, तो अकोल्याच्या दवाखान्यात भरती होता आणि इकडे डोणगावात आमच्या अंगणात बहिणीच्या साखरपुड्याची बुंदी पाडणं चालू होतं. त्याच्या बोनमॅरोची तपासणी बाहेर पाठवली होती. जनुकात एक ठरावीक बदल सापडला, तर त्याच बदलावर चालणारी गोळी डॉक्टर सुरू करणार होते. रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला, प्रिंट काढून मीच न्यायचा होता. बदल सापडला होता. पण ‘जनुक’ वाचून मला वाटलं, म्हणजे रोग खानदानातला, मुलाकडच्या पाहुण्यांना कळलं तर बहिणीची सोयरीक मोडणार. मी रिपोर्ट कोणालाच दाखवला नाही. तेवढ्यात भावाचा फोन. “आला काय बे रिपोर्ट?” कढईत तेल चुरचुरत होतं. “नाई आला अजून, भाऊ,” मी म्हणालो. चौथ्या दिवशी, अंगठ्या घालून झाल्यावर, मी रिपोर्ट घेऊन अकोल्याला गेलो. “अहो, हा बदल जन्माचा नाही, नंतर झालेला आहे. घरात कोणाला काही धोका नाही,” डॉक्टर म्हणाले. गोळी त्याच दिवशी सुरू झाली. त्या चार दिवसांच्या उशिरानं काय बिघडलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. बहिणीच्या लग्नात भाऊ खुर्चीवर बसून ज्याला त्याला सांगत होता, “लहान्यानं रिपोर्ट आणला, म्हणून मले हे लग्न दिसलं.” पुढल्या वर्षी तो गेला. त्याचं ते वाक्य बहीण अजूनही कौतुकाने सांगते. मी खाली मान घालून ऐकतो, कारण खरं सांगितलं तर ते चार दिवस तिच्या बोटातल्या अंगठीला चिकटतील.