पेवाचं तोंड

माझी जीभ लहानपणापासून तिखट. माहेरी, पुसदला, तिचं कौतुक व्हायचं. सासर ढाणकीजवळच्या खेड्यात. तिथं याच जिभेनं माझ्यावर नवरा गमावायची वेळ आणली.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. कापसाचं तर सोडाच, ज्वारीची कणसंसुद्धा पोचट निघाली. चैत्र लागेपर्यंत कणग्या रिकाम्या झाल्या आणि गाईसाठी ठेवलेली तुरीची चुनी आम्ही शिजवून खाऊ लागलो. माझी तीन वर्षांची पोर ती तोंडात धरून बसायची, गिळायची नाही. आणि अंगणात, पांढरीच्या मातीत खोदलेल्या पेवात, दोन सालांआधीची ज्वारी पुरलेली होती. सासू ते उघडू देत नव्हती. पेव फोडलं की दाण्याला हवा लागते, मग कीड; तो पुरवून खाता येत नाही, असं तिचं म्हणणं. मला ती कद्रू वाटायची. तिच्या तोंडावर बोलता येत नसे, म्हणून मी भांड्यांना ऐकवायचे.

शेवटी एका सकाळी तिनंच हो म्हटलं. नवऱ्यानं आणि शेजारच्या गड्यानं मिळून वरची माती उकरली, फरशी सरकवली. बंद पेवात जीवघेणी हवा कोंडलेली असते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तोंड उघडं ठेवायचं, मग आत कंदील सोडायचा. तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं. दुपारी सासूनं कंदील सोडला. हात-दोन हात खाली जातो न जातो तोच विझला. उद्या पाहू, म्हणाली ती. शेजारी घरी गेला.

मला मात्र पोरीचं ते न गिळणारं तोंड दिसत होतं. त्या वर्षी घरातली एकूण एक वस्तू सरत आली होती, रॉकेलसुद्धा. मी म्हणाले, "पेवानं नाही विझला तो. तेल सरलं असंल त्यातलं."

नवऱ्यानं कंदील कानाशी धरून हलवला. आवाज आला नाही. त्याला माझं पटलं. सासू अडवत राहिली, पण तो ऐकेना. तेव्हा तिनं मोटेचा दोर आणला, त्याच्या काखेखालून बांधला आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

तो उतरला. "दाना चांगला हाये," एवढं वर ऐकू आलं. मी टोपली सोडली. टोपली कोणी धरलीच नाही. सासूनं हाक मारली, मी मारली. खालून काही नाही. दोर ताणला तर नुसतं ओझं लागलं. आम्ही दोघी ओढत होतो आणि त्याचा खांदा पेवाच्या अरुंद तोंडाशी अडकला होता. माझी किंकाळी ऐकून शेजारी कुंपणावरून उडी टाकून आला. त्यानं वाकून खांदा मोकळा केला, तेव्हा कुठं नवरा बाहेर निघाला. ओठ जांभळे पडलेले. पदरानं वारा घालता घालता मी काय काय नवस बोलले, आज आठवत नाही. बऱ्याच वेळानं त्याची छाती हलली.

सासूनं माझ्याकडं न बघता दोराची गाठ सोडली आणि दोर गुंडाळून ठेवला. त्यापेक्षा तिनं झिंज्या उपटल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरात उरलंसुरलं होतं तेवढं तेल कंदिलात ओतलं. तो तळापर्यंत जळत गेला. शेजारी उतरला. कडेची ज्वारी काळी पडून ढेकळं झाली होती. मधली तेवढी खाण्याजोगी. आमच्या अंदाजाच्या निम्मीही नव्हती. सासूनं अधोलीचं माप माझ्यापुढं ठेवलं.

"नवी जवारी यायले अजून आठ महिने हायेत. आतापासून तूच मोज."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. महिन्यांशी दाणा जुळेना. तेव्हा भाकरी लहान केल्या, माणशी एकच. पेवाचा उग्र वास होता त्यांना, तरी पोरीनं मिटक्या मारत खाल्ली. नवऱ्याचा आवाज अजून खोल गेलेला होता. त्यानं ताट पुढं केलं आणि आणखी अर्धी मागितली.

मी नाही म्हणाले.