दहा पावलं दक्षिणेला

समुद्रकाठच्या उद्यानातल्या त्या रखवालदाराला कचेरीत सगळे 'कुणीकेलं' म्हणत. नळ गळो, खुर्ची मोडो, चहा पांचट होवो, याचा पहिला सवाल ठरलेला: "कुणी केलं?" आपोआप काही घडतं यावर या गृहस्थाचा विश्वासच नव्हता.

उद्यानाच्या टोकाला जुनं दीपगृह होतं. रखवालदाराचा सासरा तिथला शेवटचा दिवेवाला. दिवा विझून वर्षं लोटली, तरी म्हातारा पितळ घासून लख्ख ठेवायचा, येणाऱ्यांना तो दाखवायचा आणि खालच्या खोलीत राहायचा. कासवांची घरटी कशी राखायची हेही जावयाला त्यानेच शिकवलं होतं.

"खुंटी घरट्यावर रोवायची नाही. दहा पावलं दक्षिणेला रोवायची. चोर खुंटीपाशी उकरतो आणि वाळू घेऊन जातो. आणि एकदा रोवली की घरट्याकडे फिरकायचं नाही."

शेवटचं वाक्य जावयाने या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं; घरट्यांकडे त्याची अधूनमधून फेरी असायचीच.

त्या मोसमात एक घरटं रिकामं झालं. मग दुसरं. खुंटीला धक्का नाही, आणि बरोबर दहा पावलांवर खड्डा! ही युक्ती ठाऊक असलेली माणसं दोनच. एक तो स्वतः. दुसरा म्हणजे सासरा.

"बाबा, चपलांना ओली वाळू कशी?" त्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"समुद्रकाठी राहतो रे. पीठ लागेल होय?"

हसण्यावारी नेलं, म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय, असं त्याने ठरवून टाकलं. आता तो रोज सकाळ-संध्याकाळ खुंटीपासून प्रत्येक घरट्यापर्यंत जाऊन खात्री करू लागला. घरटी जातच राहिली. वारा तर असा, की तासाभरात वाळूवरचं सगळं पुसून टाकायचा. सहावं घरटं गेलं तेव्हा त्याने सासऱ्यावरचा संशय उद्यानाच्या साहेबांच्या कानावर घातला. साहेबांनी म्हाताऱ्याकडून दीपगृहाची किल्ली काढून घेतली आणि आठवड्यात खोली सोडायला सांगितलं. बायकोने त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. वाळूवर त्याच्या आदल्या संध्याकाळच्या बुटांचे ठसे जसेच्या तसे होते, खुंटीपासून घरट्यापर्यंत सरळ. आणि त्या ठशांच्या कडेकडेने, कुठे तर ठशातच, कोल्ह्याची पावलं. घरटं उकरलेलं, भोवती ओली टरफलं. माणसाचा माग धरून कोल्हा आयता अंड्यांवर आला होता. रोज येत होता. रखवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो दीपगृहाकडे गेला. म्हातारा ट्रंकेत कपडे भरत होता, बायको घड्या घालून देत होती. त्याचा चेहरा पाहून तिने इतक्या तासांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आज पुन्हा गेलं? आता कुणी केलं?"

"मी," तो म्हणाला, आणि उंबऱ्यातच उभं राहून त्याने सगळं सांगितलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग ट्रंकेतून पितळ घासायचं फडकं तेवढं बाहेर काढलं.

"माझी किल्ली आण जा," तो म्हणाला. "आणि वाळूवरून जाऊ नकोस. रस्त्याने जा."