कुठला देश आला?

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या दिवसांत कुणी विचारलं असतं तर मला धड उत्तर देता आलं नसतं. रोज आई भवानीपुढं दिवा लावायचे, फूल ठेवून कौल मागायचे. उजवं फूल पडलं की खूश, डावं पडलं की दिवसभर तोंड पाडून बसायचे. पण पलीकडं कुणी ऐकतंय, की मी आपली भिंतीशीच बोलतेय, हे काही कळत नव्हतं. त्यात माझा स्वभाव उतावळा. एका गोष्टीसाठी तीनतीनदा कौल लावायचा आणि शेवटी मनाजोगतं फूल पडलं की मगच उठायचं. देवीही कंटाळली असेल मला.

मी पुण्याची, लग्न होऊन बेंगळुरात आले. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथलीच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मराठी तर दोन्ही भाषांची खिचडी. "सूनबाई, स्वल्प ताक दे," "सरी, सरी, राहू दे." स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे बरं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळं बसवनगुडीतल्या त्या घरात आम्ही तिघंच. मामंजींचं हृदय नाजूक झालं होतं, जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केली होती. माझं कन्नड म्हणाल तर भाजीवालीपुरतं, तेही ती हसून दुरुस्त करायची.

आमचे हे एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांना वर्षभराच्या शिक्षणासाठी जर्मनीला पाठवायचं ठरलं आणि नेमक्या त्याच सुमारास कारखान्यातल्या एका जर्मन इंजिनिअरला घाईनं मायदेशी परतावं लागलं. हा गृहस्थ तिकडून इथवर स्वतःची गाडी चालवत आला होता. गाडी कसली, चाकांवरची खोलीच ती! आत स्टोव्ह, भांडी धुवायची मोरी, खाली एक बाक आणि वर छताला लागून पडद्याआड झोपायची फळी. तो ह्यांना म्हणाला, गाडी भाड्यानं घ्या, रस्त्यानं जर्मनीला या आणि तिथं माझ्या भावाच्या ताब्यात द्या. झालं! ह्यांच्या अंगात वारं शिरलं. जेवणाच्या पाटावर नकाशे आले. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान. "तूही चल, असा योग पुन्हा नाही," म्हणाले. मला जावंसंही वाटे आणि छातीत धडकीही भरे. इराणात कोथिंबीर मिळते का, ओवळ्या-सोवळ्याचं काय, चालत्या घरात देव कुठं मांडायचे, असले प्रश्न मी विचारत बसे, आणि खरा प्रश्न आम्ही दोघंही टाळत असू.

खरा प्रश्न मामंजींचा होता. त्यांना म्हैसूरला माझ्या नणंदेकडं ठेवायचं ह्यांनी ठरवलं. दुसरा इलाज तरी काय होता? हे त्यांना विचारलं नाही, सांगितलं. मामंजी म्हणाले, "सरी." एवढंच. त्यानंतर ते गाडीच्या जवळपासही फिरकले नाहीत. ती दारासमोरच्या झाडाखाली उभी असायची, गल्लीतली माणसं आत डोकावून जायची, पण मामंजी ओट्यावर तिच्याकडं पाठ करून बसत. मला वाटलं, रागावलेत. मी देवीला कौल लावला, जाऊ का नको? फूल हललंच नाही. दोन दिवस तसंच राहिलं, सुकून गेलं.

नणंद दुसऱ्या दिवशी मामंजींना न्यायला यायची होती. त्या सकाळी ह्यांनी गाद्यांचा बोजा गाडीतल्या वरच्या फळीवर टाकला आणि ब्रेक तपासायला गाडी जयनगरच्या एका गॅरेजात नेली. जयनगर तेव्हा नुकतं वसत होतं, मोकळे प्लॉट आणि ऊनच ऊन. गाडी तिथं सोडून हे बसनं जेवायला घरी आले. मी पानं घेतली, मामंजींना हाक मारली. ओ नाही. ओट्यावर नाहीत, परसात नाहीत, न्हाणीघरात नाहीत. चपला मात्र दाराशी.

मग जी काय तारांबळ उडाली, विचारू नका! हे सायकल घेऊन देवळाकडं धावले, तिथून बाजाराकडं. मी प्रत्येक खोली पुन्हा पाहिली, कपाटामागंसुद्धा पाहिलं. अनवाणी माणूस जाणार कुठं? भर उन्हाळा, त्यात असलं हृदय. डोक्यात नको नको ते येत होतं. मी देवीपुढं गेले, फूल घेतलं, पण घाईघाईत ते तिच्या डोक्यावर राहीनाच. ते ठेवायच्या आधीच पडत होतं, आता त्याला उजवं म्हणायचं की डावं?

तेवढ्यात दारात घुंगरं वाजली. बसवण्णावाला आला होता, आपल्याकडचा नंदीबैलवालाच की. बैलाच्या पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे. एरवी मी पसाभर तांदूळ घातले असते. त्या दिवशी त्याच्यावर खेकसलेच, "आमचे मामंजी हरवलेत, घरात नाहीत, आणि तू काय वाजवत आलास?" अर्धं मराठी, अर्धं मोडकं कन्नड. त्यानं शांतपणे बैलाला काहीतरी विचारलं आणि बैलानं मान हलवली. मला असा संताप आला! मान तर तो सगळ्यांनाच हलवून दाखवतो, त्याला काय कळतंय? मग तो माणूस माझ्याकडं बघून हात जोडून म्हणाला, "मनेल्लि अव्रे, अम्मा." आणि पुढच्या दाराकडं वळला.

मने म्हणजे कन्नडात घर, एवढं मला येत होतं. पण घरात नाहीत हे तर मी त्याला आत्ताच सांगितलं होतं! मग हा म्हणाला काय? हात जोडले, डोळे मिटल्यासारखे केले... मनात आहेत. मनात आहेत म्हणजे? माणूस गेल्यावर असं म्हणतात. मी उंबऱ्यातच मटकन खाली बसले आणि हमसून हमसून रडले. किती माया होती मला त्या म्हाताऱ्याची, हे त्या क्षणापर्यंत माझं मलाच ठाऊक नव्हतं. कौल लावायचं भान राहिलं नाही, नवस बोलायचं सुचलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "आई, माझी अक्कल संपली. आता तूच बघ."

माझं रडणं ऐकून शेजारच्या शारदक्का धावत आल्या. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. आणि मला बोलतं करावं म्हणून की काय, झाडाखालच्या मोकळ्या जागेकडं बघून सहज म्हणाल्या, "निम्म गाडीमने एल्लि?" तुमचं गाडीघर कुठंय? गल्लीत सगळे त्या गाडीला हेच म्हणत. मीही रोज ऐकायची. त्या दिवशी मात्र तो शब्द ऐकला आणि अंगावर सर्रकन काटा आला. मने. घर. एक घर आम्ही शोधलंच नव्हतं!

हे नुकतेच सायकल टेकवत होते. "गॅरेज! गाडीत बघा!" मी ओरडले. "भलतंच काय," असं म्हणता म्हणता ह्यांचाही चेहरा पांढरा पडला. कोपऱ्यावर ऑटो मिळाली. गॅरेजातली माणसं जेवायला गेलेली आणि गाडी भर उन्हात, सगळ्या काचा बंद. दार उघडलं तर भट्टीसारखी झळ आली. वरच्या फळीचा पडदा ह्यांनी ओढला. मामंजी गाद्यांच्या बोज्यामागं अंग चोरून निजले होते. अंगात ठेवणीतला कोट, घामानं चिंब, ओठ कोरडे पडलेले. श्वास आहे की नाही कळेना. ह्यांनी त्यांना लहान मुलासारखं उचलून बाहेर सावलीत आणलं. मी पदर भिजवून तोंडावरून फिरवला, ओठांत थेंब थेंब पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले. आमच्याकडं पाहिलं, त्या मोकळ्या माळाकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "कुठला देश आला?"

हे लहान मुलासारखे रडले. बापाच्या पायावर डोकं ठेवून रडले. गाद्या चढवलेल्या बघून मामंजींना वाटलं होतं की आम्ही आजच निघालो, त्यांना न सांगता, म्हणून तेच आधी आत जाऊन लपले. त्यांना चढायची मनाई, आणि हा माणूस त्या फळीवर चढला कसा, हे आजही मला उमगलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर हाती लागले नसते.

पुढच्या आठवड्यात तो बसवण्णावाला पुन्हा दिसला. मी तांदूळ, गूळ, धोतरजोडी घेऊन धावले. विचारलं, बाबा, तू त्यांना गाडीत चढताना पाहिलं होतंस ना? त्या सकाळी तो आमच्या भागात नव्हताच म्हणे, दुपारीच आला होता. आणि बोलल्याचं विचारलं तर म्हणाला, "नानेनू हेळ्लिल्ल अम्मा." मी काहीच बोललो नाही. बैल मात्र धोतराचा काठ हुंगत होता. मग मी ऐकलं ते काय होतं? शारदक्कांना नेमका तोच शब्द का आठवला? पुष्कळ डोकं खाजवलं. काही उलगडलं नाही आणि पुढं पुढं उलगडावं असंही वाटेनासं झालं.

गाडी ह्यांनी कारखान्याच्या हवाली केली. ती दुसऱ्या कुणी भाड्यानं नेली. हे विमानानं एकटेच गेले. मी राहिले. जायचं नाही असं कुणी सांगितलं नव्हतं, कौलही लावला नव्हता. ह्यांना निरोप देऊन आम्ही दोघं घरी आलो, तर मामंजी ओट्यावर टेकले आणि खाली बघत म्हणाले, "माझ्यामुळं राहिलीस ना, सूनबाई?"

"हो," मी म्हटलं, "तुमच्यामुळंच. दुसऱ्या कुणामुळंही नाही."

त्यांनी कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, "सरी. स्वल्प कॉफी कर तर."

मी आत गेले. दूध तापेपर्यंत सवयीनं देवीपुढं जाऊन उभी राहिले, हात जोडले. मागायचं काहीच आठवेना. बाहेरून मामंजींच्या खोकल्याचा आवाज आला, तो ऐकला, आणि दूध उतू जाईल म्हणून चुलीकडं वळले.