मासवडीच्या पंगतीतला ब्रेड-जाम

आज शेजारच्या घरातून तीळ-खोबरं भाजल्याचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

आमच्या आणे गावची जत्रा होती. तेव्हा मी चौथीत, पुण्याच्या इंग्लिश शाळेत. सकाळी ओल्या फडक्यावर गरम बेसन थापायला मी आईसोबत बसले होते. बोटं पोळली, तरी तीळ-खोबऱ्याचं सारण भरून एक मासवडी मीच वळली. दुपारी पंगतीत मात्र आत्यानं माझ्या ताटात ब्रेड-जाम ठेवला.

"आमच्या मॅडमला तिखट सोसायचं न्हाई," ती पाहुण्यांना म्हणाली. "मुद्दाम आळेफाट्याहून आणवलाय."

"लई लाड बाई पोरीचे," कुणीतरी म्हणालं आणि पंगत हसली.

शेजारी चुलतभाऊ मासवडी रश्श्यात बुडवून खात होता. मी रस्सा वाढत येणाऱ्या आईकडे पाहिलं. मला काय आवडतं हे तिला ठाऊक होतं.

"खा गं, आत्यानं प्रेमानं आणलंय," एवढंच ती बोलली.

इतकी वर्षं मी आत्यावरच चिडत आले. आज त्या वासासरशी डोळ्यांपुढे आली ती आई, रश्श्याचं भांडं घेऊन माझं ताट वगळून पुढे गेलेली.