उंबऱ्याबाहेरची हिमनदी

बर्फगोळ्याच्या गाडीपाशी ओल्या भुशाचा वास आला की माझं डोकं अजून सणकतं. आमचे भूगोलाचे मास्तर काळाच्या पुढचे होते, असं लोक म्हणतात. असतील!

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीच्या शाळेत हिमनदी शिकवायला मास्तरांनी भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी रेल्वेनं मागवली. खालून वाळू-खडे चिकटवलेली ती लादी एकेका पोरानं वर्गात पसरलेल्या काळ्या चिखलातून ओढायची. चिखलात खोल चरे उठत. "पहाडसुद्धा असाच खरवडला जातो," मास्तर सांगत.

मी महारवाड्यातला, माझी जागा उंबऱ्याबाहेर. माझी पाळी आली म्हणून उठलो.

"तू काहून उठला? तिथून बराबर दिसून न्हाई राहिलं का?" मास्तर म्हणाले.

मी बसलो. बर्फ वितळला आणि चिखलातून निघालेली गढूळ धार उंबऱ्याच्या फटीतून माझ्या पायांशी आली.

"पाय काढ! धार आतपर्यंत जोडलेली हाय, सगळं बाटंल!" मास्तर ओरडले.

मी उठलो आणि दोन्ही पाय धारेत रोवले. पाणी थंडगार होतं.

मास्तरांनी तो सगळा चिखल, पोरांच्या चऱ्यांसकट, उकिरड्यावर फेकला. मला बरं वाटलं. आजही वाटतं.