सोळावी डिस्क

बारा वर्षं घर सांभाळून उज्वला निकम पुन्हा नोकरीला लागली, तेव्हा सातपूरच्या त्या छोट्या कंपनीत तिच्या वाट्याला सगळ्यांना नकोसं असलेलं काम आलं. कंपनी आभासी संगणकांचा प्रोग्राम लिहिते. म्हणजे एकाच खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक, हात लावायला नसलेले, पण खऱ्यासारखेच चालणारे. त्यांना डिस्क जोडण्या-काढण्याच्या भागात, प्रोग्राम तपासताना संगणकाने दिलेले तीनशेवर इशारे साचले होते: आकडा लिहिलाय एका पद्धतीने, वाचलाय दुसऱ्याच.

उज्वला रोज दहा-बारा इशारे निस्तरायची. आकडा कुठून निघतो, कुठे पोचतो, हे पाहिल्याशिवाय तिचा हात दुरुस्तीला जात नसे. घाई तिला जमत नसे आणि त्याची लाजही वाटत नसे.

गटप्रमुख रविराज तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. गुरुवारी दुपारी तो खुर्ची ओढून बसला.

"ताई, उद्या नवी आवृत्ती गिऱ्हाइकाला द्यायचीय. उरलेले इशारे मी एका ओळीत बंद करतो."

"आणि त्यांत खरी चूक असली तर?"

"दोन वर्षं प्रोग्राम चालतोय, ताई. तुम्ही गहू निवडल्यासारखं बघता."

"मग खडा लागत नाही दाताखाली. संध्याकाळपर्यंत थांब."

"थांबतो. पण सहाला बंद."

एकदा बंद झालेले इशारे उघडायला कुणी परत येत नाही, हे उज्वलाला ठाऊक होतं. चहाही तिने जागेवरच मागवला. पाचच्या सुमारास एका ओळीवर ती थबकली. डिस्क काढण्याचा हुकूम त्या डिस्कचा क्रमांक सोळाच्या पटीच्या पद्धतीने लिहीत होता, पलीकडचा भाग तो आपल्या रोजच्या दहाच्या पद्धतीने वाचत होता. नवापर्यंत दोन्ही सारख्याच. सोळा मात्र पहिल्या पद्धतीत १० असा लिहितात, आणि पलीकडे तो दहाच वाचला जातो. ऑफिसात सहाच्या वर डिस्क जोडून कुणी पाहिल्याच नव्हत्या.

"रविराज, सोळा डिस्क जोड आणि सोळावी काढ."

"इतक्या कोण जोडतं?"

"आज तू."

त्याने जोडल्या आणि सोळावी काढायचा हुकूम दिला. सोळावी जागेवरच राहिली, दहावी गेली. त्याने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा दहावीच.

"गिऱ्हाइकाचा डेटा असता त्यावर," तो हळू म्हणाला. मग फोन करून त्याने आवृत्ती बुधवारवर ढकलली. "किती राहिलेत?"

"एकशे चाळीस."

"निम्मे मला द्या."

"देते. पण शेवटपर्यंत वाचायचं."

उज्वला पिशवी खांद्याला लावून निघाली. दारापर्यंत पोचते तोच मागून आवाज आला, "ताई, हा आकडा येतो कुठून?"

तिने पिशवी परत टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढली.