फीक्राचा ठोसा आणि डिम्नाची गाडी

पडदा वर जावा तसं डिम्ना कीव्हनीच्या गाडीच्या डिकीचं झाकण वर गेलं आणि कोरालीनच्या मैदानाशेजारच्या चिखलात रविवारचा पहिला प्रवेश सुरू झाला. मध्यभागी चौकड्यांचं ब्लँकेट, त्यावर चहाचे थर्मास, कागदात गुंडाळलेली हॅमची सँडविचं आणि एक फळांचा केक. त्या केकला सुरी लावायचा अधिकार फक्त डिम्नाचा. डाव्या बाजूला मॅलकी गिलरॉय, जन्मभर डेअरीची लॉरी चालवलेला. उजवीकडे क्लबची चिटणीस गोरेटी मुल्व्ही, लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

त्यांच्या गावच्या, क्लूनगारच्या फुटबॉल क्लबची आज मॅच नव्हतीच. पुढच्या रविवारी लीगचा शेवटचा सामना याच कोरालीनशी होता. जिंकलं की लीग क्लूनगारची. म्हणून तिघं शत्रूचा खेळ हेरायला आली होती, आणि शत्रूकडे ढुंकूनही न बघता गेल्या रविवारच्या आर्डनामोनाविरुद्धच्या मॅचवरून भांडत होती.

"ठोसा नव्हताच तो," मॅलकी सँडविच चावत म्हणाला. "फीक्रा वळला, त्याचा हात वळला, आणि त्या डोनकाचं थोबाड मध्ये आलं."

"मध्ये आलं म्हणे! बॉल तेव्हा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होता," गोरेटी म्हणाली. "तुझी लॉरी पण अशीच वळायची का रे?"

"तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस, बाई?"

"क्लूनगारची. म्हणून तर म्हणते, तोंडं बंद ठेवा. पंचाची पाठ होती, त्याच्या अहवालात काही नाही. बंदी घालणाऱ्या समितीपुढे काही नाही. आपला सगळ्यात चांगला फॉरवर्ड रविवारी मैदानात उतरतोय. विषय संपला."

डिम्ना केक कापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पोरानं डोनकाच्या घरी जायला हवं."

मॅलकीनं चहाचा कप खाली ठेवला.

"अगं, वेड लागलंय का तुला? त्याच्या दारात गेला म्हणजे गुन्हा कबूल केला! आर्डनामोनाची माणसं ती. फीक्राची पाठ वळायच्या आत समितीला फोन जाईल. मग बसा बंदी मोजत."

"जबडा मोडलाय त्याचा, मॅलकी. नळीनं सूप पितोय."

"वाईटच झालं. चर्चमध्ये मेणबत्ती लावू आपण. पण लीग जिंकल्यावर."

गोरेटी मात्र हसली नाही. तिनं डिम्नाच्या दंडावर हात ठेवला. "ऐक माझं. लीग आपल्या दारात येऊन किती वर्षं झाली? तू त्याला पाठवलंस, त्याच्यावर बंदी आली आणि आपण हरलो, तर गाव फीक्राला काही म्हणणार नाही. पोर आहे म्हणतील. नाव तुझं घेतील. म्हणतील, शेवटी नवऱ्याच्या गावचीच निघाली."

हे डिम्नाला कुणी सांगायची गरज नव्हती. फीक्रा तिच्या सख्ख्या बहिणीचा नातू, आणि डोनका तिच्या नवऱ्याच्या पुतण्याचा मुलगा. ठोसा मारणारा हात आणि मोडलेला जबडा, दोन्ही तिच्याच जेवणाच्या टेबलावर वाढलेले.

तिचा पॅकी आर्डनामोनाचा. लग्न करून क्लूनगारला राहायला आला, पण खेळला शेवटपर्यंत आपल्याच गावाकडून. गाव बदलता येतं, जर्सी बदलत नाहीत. त्यामुळे सोमवारी डिम्नाच्या दोरीवर दोन रंग वाळत असत: क्लबनं धुवायला दिलेल्या क्लूनगारच्या हिरव्या जर्सींची रांग, आणि तिच्या टोकाला, पाहुण्यासारखी थोडी अंग चोरून, पॅकीची एकटी लाल जर्सी. दोन्ही गावांची मॅच असली की नवराबायको एकाच गाडीतून निघायची, फाटकापाशी एकमेकांना 'पडा आज!' म्हणून शुभेच्छा द्यायची, आणि तो मैदानात, ती मैदानाकडेच्या बांधावर, विरुद्ध बाजूच्या लोकांत. परत येताना गाडीत कुणी बोलायचं नाही. पहिला शब्द चहा ओतल्यावर. काय रविवार होते ते! हरलेल्याला केकचा मोठा तुकडा मिळायचा, आणि पॅकी म्हणायचा की त्याची ढेरी ही आर्डनामोनाच्या पराभवांची नोंद आहे.

पॅकी काही संत नव्हता. एकदा त्यानं एका माणसाचं नाक फोडलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हा गडी खांद्यावर कुदळ टाकून त्या माणसाच्या दारात उभा. माफीचा शब्द त्याच्या तोंडून निघेना, म्हणून थेट त्याच्या दलदलीत उतरला आणि तिथली चुलीत जळणारी माती, त्याच्या घरासाठी हिवाळ्याचं जळण, कापू लागला. तेव्हा सगळे असंच करत. पॅकी गेला, तेव्हा त्याच नाकाचा धनी खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होता.

आता दारात जाण्याआधी माणसं समितीचा विचार करतात, हेच डिम्नाला सोसत नव्हतं.

कोरालीन जिंकली. परतताना मॅलकी आणि गोरेटीला उतरवून डिम्नानं गाडी बहिणीच्या घराकडे वळवली. फीक्रा गोठ्याच्या भिंतीवर बॉल मारत होता. तिनं काच खाली केली.

"झोप लागते का रे?"

"नाही." त्यानं बॉल छातीशी धरला. "कोच म्हणाले, रविवारपर्यंत आर्डनामोनाचं नावसुद्धा काढू नकोस."

"तुला काय वाटतं?"

"मला खेळायचंय, डिम्नाआजी."

"मलाही तू खेळायला हवायस. लीगचा चषक हातात धरलेला क्लूनगारचा कॅप्टन बघून डोळे मिटावेत, एवढीच हाव आहे माझी. पण आधी डोनकाच्या दारात जायला हवं."

"मग? त्यांनी समितीला कळवलं तर?"

"तर कळवलं. रविवारी माझ्याशेजारी बांधावर उभा राहशील, आणि गाव आपल्या दोघांना मिळून शिव्या घालेल. माझी पाठ रुंद आहे." तिनं समोर बघत दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "मी ओढून नेणार नाही तुला. पेट्रोल महाग झालंय. बसायचं तर बस."

तो बॉल भिंतीपाशी ठेवून गाडीत बसला. रस्ताभर दोघं गप्प होती, आणि ती गप्प बसायची रीत डिम्नाला जुनी, ओळखीची वाटली.

आर्डनामोनाच्या त्या घरात दिवा होता. दार डोनकाच्या आईनं उघडलं, हातात ओलं फडकं. तिनं फीक्राकडे पाहिलं, मागे उभ्या डिम्नाकडे पाहिलं, आणि अर्धं पाऊल बाजूला झाली. आत चुलीपाशी डोनका बसला होता, जबडा तारांनी बांधलेला. त्याला बोलता येणार नव्हतंच. त्यानं पायानं समोरची खुर्ची थोडी बाहेर ढकलली.

फीक्राचे पाय उंबऱ्यात रुतले होते. पाठीमागून थंड वारा आत शिरत होता. डिम्नानं त्याच्या पाठीवर तळवा टेकवला.

"अरे, आत जा की! दार उघडं ठेवून त्या बिचारीच्या घरातली सगळी ऊब बाहेर घालवतोयस."